बाहेरून चांगला, आतून संपलेला : कूलंटच्या होजची गोष्ट

जुन्या गाड्यांच्या आपल्या गप्पांमध्ये मागच्या वेळी आपण रेडिएटर साफ कसा करायचा ते पाहिलं. आज त्याच रेडिएटरला जोडलेल्या काळ्या रबरी नळ्यांबद्दल बोलू. गॅरेजमध्ये कुणी त्यांना होज म्हणतं, कुणी नुसतं पाइप. गाडीत याहून स्वस्त वस्तू फार थोड्या असतील, आणि याहून महाग पडणाऱ्या वस्तूही थोड्याच. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, स्वतः भोगून सांगतोय.

मी कोलकात्यात राहतो. माझ्याकडे २००४ सालची ॲम्बेसेडर आहे. एका मे महिन्यात आई-बाबा ठाण्याहून आले होते, त्यांना परत विमानतळावर सोडायला निघालो. ईएम बायपासवर, सायन्स सिटीच्या अलीकडे गाड्यांची लांब रांग. एसी नाही, खिडक्या उघड्या, घाम थांबत नाही. तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून वाफ आली. तापमानाचा काटा वर चढला होता. मी म्हटलं, थोडं पुढे जाऊन कडेला घेऊ. आणि बघतो तर काटा आपला खाली उतरतोय! मला वाटलं, बरं झालं, इंजिन थंड होतंय. त्या भरवशावर मी अर्धा किलोमीटर गाडी रेटली. मग इंजिन घरघरलं आणि बंदच पडलं.

काटा का उतरला, ते नंतर कळलं. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट निघून गेलं की तो नुसत्या हवेत लोंबतो, आणि मग त्याच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. इंजिन तापून लाल होत असताना काटा मात्र सगळं ठीक आहे म्हणून सांगतो. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा : वाफ दिसली आणि काटा अचानक पडला, तर तो दिलासा नाही. ती धोक्याची सूचना आहे.

बाबा खाली उतरले आणि हातरुमाल घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे गेले. मागून एका पिवळ्या टॅक्सीचे चालक धावत आले आणि त्यांनी बाबांचा हातच धरला. होज फुटला म्हणजे दाब निघून गेला असं आपल्याला वाटतं. पण आत उरलेलं पाणी उकळतच असतं, आणि झाकण उघडलं की ते तोंडावर येतं. त्या दादांनी आई-बाबांना आपल्या टॅक्सीत घालून विमानतळावर पोचवलं. माझी गाडी दोरीने ओढत गॅरेजला गेली. हेड गॅसकेट गेलं होतं. होजची किंमत काहीशे रुपये, हेड उतरवून बसवण्याचा खर्च कित्येक हजार.

गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना मी म्हटलं, "दादा, होज तर अगदी नव्यासारखा दिसत होता. गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते." त्यांनी फुटलेला होज ब्लेडने लांबीत चिरला, उलटा करून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "बाइरे भालो, भेतोरे शेष." बाहेरून चांगला, आतून संपलेला. आतल्या बाजूला लांबीच्या दिशेने बारीक चिरा पडल्या होत्या, जणू उन्हाळ्यातल्या शेताची भेगाळलेली जमीन.

आजच्या भागाचं सार एवढंच आहे. होज किलोमीटरने म्हातारा होत नाही, वर्षांनी होतो. आणि तो आतून म्हातारा होतो.

होज नेमकं काय सोसतो?

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कूलंटमध्ये उतरते. ती उष्णता बाहेर टाकायला कूलंट इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून परत इंजिनात फिरत राहतं. वरचा होज गरम कूलंट इंजिनाकडून रेडिएटरला नेतो. खालचा होज थंड झालेलं कूलंट वॉटर पंपाकडे आणतो. हीटर असेल तर त्याचे दोन बारीक होज वेगळे, आणि काही इंजिनांवर एक आखूड बायपास होजही असतो. इंजिन चालताना हलतं, रेडिएटर मात्र बॉडीला पक्का बसवलेला असतो. म्हणून मधला दुवा लवचिक लागतो, आणि म्हणून तिथे रबर असतं.

आता कुकर आठवा. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी १०० अंशांऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं आणि डाळ लवकर शिजते. रेडिएटरचं झाकण हेच काम करतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट उघड्यावर साधारण १०६-१०७ अंशांना उकळतं. १५ पीएसआयचं झाकण लावलं की तेच मिश्रण जवळपास १२९ अंशांपर्यंत टिकतं. घाटात याची किंमत कळते. कोलकाता जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे. पण तिथून दार्जिलिंगला गेलात, तर २,००० मीटरवर उघड्या भांड्यातलं पाणी ९३ अंशांनाच उकळतं. आपल्याकडे महाबळेश्वरची चढण घ्या, गोष्ट तीच. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन सगळ्यात जास्त तापतं नेमकं तिथे, जिथे पाणी सगळ्यात लवकर उकळतं. तिथे आपल्याला वाचवतो तो दाब, आणि तो दाब धरून ठेवतात झाकण, क्लिपा आणि होज.

शहरातली रांगही काही कमी नसते. रांगेत गाडीला समोरून वारा मिळत नाही. पट्ट्यावर चालणारा पंखा असेल तर इंजिन संथ असताना तोही संथ फिरतो. कोलकात्यातला मे महिना असो, नाहीतर सायन-पनवेल रस्त्यावरची संध्याकाळ, जुन्या होजची परीक्षा तिथेच होते.

रबर आतूनच का मरतं?

आजचे बहुतेक होज ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. दोन थरांच्या मध्ये धाग्याचं विणकाम असतं, आणि खरी ताकद त्या धाग्यात असते. ईपीडीएम उष्णता आणि पाणी चांगलं सोसतं. इंजिन ऑइल मात्र त्याला अजिबात चालत नाही. तेल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. जुन्या गाडीच्या टॅपेट कव्हरमधून तेल गळून होजवर ठिबकत असेल, तर आधी गळती थांबवा.

उष्णतेने रबर कडक होतं, हे आपल्याला माहीत असतं. पण चिरा पडायचं एक वेगळं कारण आहे. इंजिनाचं लोखंड, रेडिएटरचं तांबं-पितळ किंवा ॲल्युमिनियम, आणि मध्ये कूलंट, ही एक छोटी बॅटरीच झाली. तिचा बारीकसा प्रवाह होजच्या आतल्या रबरावर काम करत राहतो. सूक्ष्म चिरा पडतात, त्यांतून कूलंट धाग्यापर्यंत पोचतं, धागा कुजतो. मग एक दिवस दाब वाढतो आणि होज लांबीत फाटतो. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या होज बनवणाऱ्यांनी याचा अभ्यास केला. पुढे तिथल्या वाहन-अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने यासाठी जे१६८४ ही वेगळी चाचणी ठरवली. हे नुकसान बहुधा होजच्या टोकांजवळ होतं, जिथे तो धातूच्या तोंडावर बसतो.

यातून दोन गोष्टी निघतात. कूलंट जुनं झालं की त्यातली गंज रोखणारी द्रव्यं संपतात आणि ही बॅटरी जोर धरते. म्हणजे वेळेवर कूलंट बदलणं हा होजचाही औषधोपचार आहे. दुसरं म्हणजे इंजिनाची अर्थिंगची वायर. ती सैल किंवा गंजलेली असेल तर भलताच प्रवाह कूलंटमधून वाट काढतो. ती वायर काढून, घासून, घट्ट बसवायला दहा मिनिटं लागतात.

आणि हो, गाडी उभी असली तरी कूलंट आत असतंच. म्हणून "गाडी फार चाललीच नाही" हे आपलं समाधान इथे उपयोगाचं नाही.

तपासायचं कसं?

इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी. होज अंगठा आणि बोट यांच्यात दाबा. आधी मध्यावर, मग दोन्ही टोकांपासून दोन इंचांच्या आत. चांगला होज सगळीकडे सारखा, घट्ट पण लवचिक लागतो. टोकाशी तो मध्यापेक्षा मऊ लागला, किंवा आत पोकळ फट असल्यासारखं वाटलं, तर आतून चिरा पडल्या आहेत. दाबताना करकर आवाज आला, तर रबर कडक झालं आहे. फुगवटा, चिकटपणा, पंखा किंवा पट्टा घासल्याची खूण, क्लिपेजवळ पांढरे किंवा हिरवट डाग, यांतलं काहीही दिसलं तरी होज बदलायचा. उंदरांच्या दातांच्या खुणाही बघा. पावसाळ्यात उभ्या गाडीत हे पाहुणे हमखास येतात.

खालचा होज बहुतेक जण तपासतच नाहीत, कारण हात पोचत नाही. पंपाच्या ओढीने तो चपटा होऊ नये म्हणून जुन्या गाड्यांत त्याच्या आत तारेची स्प्रिंग असते. ती गंजून तुटली, तर गाडी उभ्याने ठीक वाटते आणि वेगात तापते. असं कोडं पडलं तर आधी खालचा होज बघा.

यातलं काहीच दिसलं नाही आणि तरी होज चार-पाच वर्षांचे झाले असतील, तर सगळे एकदम बदला. एक फुटला म्हणून एकच बदलणं ही खोटी काटकसर. त्याच्या जोडीचे बाकीचेही तेवढेच म्हातारे असतात.

जुन्या गाडीचा होज आणायचा कुठून?

ॲम्बेसेडर हुगळीकाठच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनायची. तिचा मूळ साचा ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. १९५७ पासून निघणारी ही गाडी मे २०१४ मध्ये बंद झाली. कोलकात्यातल्या पिवळ्या टॅक्सीही व्यावसायिक वाहनांच्या १५ वर्षांच्या नियमामुळे एकेक करून रस्त्यावरून उतरत गेल्या. मुंबईकरांना हे नवीन नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या पद्मिनीचं तेच झालं. तिथली शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी २००३ची होती. २० वर्षांची मर्यादा संपली आणि २०२३च्या ऑक्टोबरमध्ये तीही गेली. खासगी मालक मात्र १५ वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घेऊ शकतो. म्हणजे गाडी घरात राहते, पण तिच्या सुट्या भागांची विक्री कमी होते.

जो भाग कमी खपतो, तो दुकानाच्या फळीवर जास्त दिवस पडून राहतो. आणि रबर फळीवरही म्हातारं होतं! कोलकात्यात जुन्या गाड्यांच्या भागांसाठी मल्लिकबाजार प्रसिद्ध आहे. तिथून बम्पर घ्या, दरवाजाची मूठ घ्या, पण वापरलेला होज घेऊ नका. नवा घेतानाही वेष्टनावरची तारीख बघा, होज वाकवून बघा. वाकवल्यावर पृष्ठभागावर बारीक चिरा दिसल्या तर परत द्या.

नमुना म्हणून जुना होज बरोबर न्या. आतला व्यास तंतोतंत जुळला पाहिजे. व्यास मोठा असला तर क्लिप आवळून काम भागवू, असं करू नका. वळणदार होजच्या जागी सरळ नळी वाकवूनही बसवू नका. वळणावर ती चिमटते आणि तिथेच कूलंट अडतं. क्लिपाही नव्या घ्या. झाकणाची रबरी कड गेली असेल तर झाकणही, पण त्याच दाबाचं. जुन्या रेडिएटरला नव्या गाडीचं जास्त दाबाचं झाकण लावलं, तर होज वाचेल आणि रेडिएटरचा टाका फुटेल.

आता बदलू या

इंजिन थंड आहे याची हाताने खात्री करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काही गाड्यांचा विजेवर चालणारा पंखा चावी बंद असतानाही सुरू होतो. रेडिएटरखाली रुंद तोंडाचं भांडं ठेवा, झाकण उघडा आणि खालची चावी सोडून कूलंट काढून घ्या.

हे कूलंट गटारात किंवा रस्त्यावर ओतू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात. मांजराचा जीव जायला चमचाभरही पुरतं. झाकणाच्या डब्यात भरा, त्यावर नाव लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि वापरलेलं ऑइल-कूलंट गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या.

क्लिपा सैल करून होजच्या मध्याकडे सरकवा. होज चिकटला असेल तर पिळू नका, उपटू नका. रेडिएटरचं तोंड नाजूक असतं. पितळी असेल तर टाका सुटतो, प्लॅस्टिकचं असेल तर तुटतं. होज तसाही फेकायचाच आहे, तेव्हा टोकाला ब्लेडने लांबीत चीर द्या आणि सोलून काढा. ब्लेड धातूवर घासू देऊ नका. मग ते तोंड बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ करा. जुन्या रबराचे तुकडे आणि पांढरे खवले राहिले की नवा होजही गळतो.

नव्या होजमध्ये क्लिपा आधीच घालून ठेवा. हे सगळे जण एकदा तरी विसरतात. होज सरकत नसेल तर आतून थोडं कूलंट किंवा साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा ऑइल नाही, कारण आपण मघाशीच पाहिलं. होज पूर्ण आत बसवा, कुठे पीळ पडला नाही ना ते बघा. क्लिप तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे आणि होजच्या टोकापासून थोडी आत यावी. स्क्रूची क्लिप घट्ट करा, पण रबर क्लिपेच्या खाचांतून वर येईपर्यंत आवळू नका. तिथेच ते कापलं जातं. होज पंखा, पट्टा आणि सायलेन्सरच्या पाइपपासून लांब आहे ना, ते हात फिरवून बघा.

कूलंट गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचंच. दोन वेगळ्या प्रकारची एकत्र करू नका. रंग सारखा म्हणजे प्रकार सारखा, असं नसतं. पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरा. बोअरचं पाणी घातलं की आत क्षार साठतात.

भरताना हळू भरा. बॅटरी जोडा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवा. झाकण उघडं ठेवून इंजिन संथ चालवा. वरचा होज गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला असं समजा. आतली हवा बुडबुडे होऊन निघते आणि पातळी उतरते, तेवढं कूलंट घाला. त्यानंतर झाकण लावा. एक फेरी मारून या, गाडी पूर्ण थंड होऊ द्या, मग क्लिपा पुन्हा तपासा. रबर एकदा तापून निवलं की थोडं बसतं, आणि पहिल्या दिवशी घट्ट वाटलेली क्लिप दुसऱ्या दिवशी अर्धा आटा मागते. ज्यांच्या गाडीत हवा काढायचा वेगळा स्क्रू आहे, त्यांनी पुस्तकातली पद्धत पाळावी. शेवटी होजवर किंवा बॉनेटच्या आत बदलल्याची तारीख लिहून ठेवा. पाच वर्षांनी तुम्हीच स्वतःचे आभार मानाल.

रस्त्यात फुटलाच तर

वाफ दिसली की लगेच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. "तेवढं पुढच्या सिग्नलपर्यंत" नको. माझं नुकसान होज फुटल्याने झालं नाही, त्या अर्ध्या किलोमीटरने झालं. बॉनेटमधून वाफ येत असेल तर ते लगेच उघडू नका, झाकणाला तर हातच लावू नका. किमान पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. तापलेल्या तव्यावर पाणी मारल्यासारखं होतं, आणि हेडला तडा जाऊ शकतो.

फाटलेली जागा टोकाशीच असेल, आणि होज तेवढा लांब असेल, तर खराब टोक कापून होज पुन्हा बसवता येतो. मध्ये फाटला असेल, तर पुसून कोरडा करून स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, पाणी भरा, आणि झाकण पहिल्या खाचेवरच सैल ठेवा म्हणजे दाब चढणार नाही. अशा गाडीने जवळचं गॅरेज गाठायचं, तेही थांबत थांबत. म्हणून डिकीत एक टेप, एक स्क्रू ड्रायव्हर, दोन क्लिपा आणि पाच लिटर पाणी असू द्या. शक्य असेल तर एक जादा वरचा होज.

माझ्या गाडीला त्यानंतर सगळे होज नवे बसले. चिरलेला जुना होज मी घरी आणून ठेवलाय. कुणी मला सांगतं, "माझी गाडी तर फारशी चालतच नाही," तेव्हा मी तो उलटा करून दाखवतो. बाबांना अजून तो टॅक्सीवाल्या दादांचा हात आठवतो. दर फोनवर ते आधी माझी चौकशी करतात, मग होजची.

तेव्हा मंडळी, उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी दोन मिनिटं काढा. बॉनेट उघडा, वरचा होज मध्ये दाबा, टोकाला दाबा. हाताला फरक लागला तर कामाला लागा. पुढच्या भागात वॉटर पंपाकडे वळू. तो बिचारा गळायच्या आधी बराच काळ कुरकुरत असतो, ती कुरकुर कशी ओळखायची ते पाहू. नमस्कार.